म स ज स त त ग आणि मुलीचे मामा

मराठीत आज अक्षरगणवृत्तात कविता कोण करतं, या प्रश्नाचं उत्तर विद्यापीठांच्या मराठी विभागांत मिळायचं नाही. तिथले कवी मुक्तछंदालाही जुना म्हणू लागलेत. उत्तर मिळतं मंगल कार्यालयात. मुलीची मावशी करते. मुलाची आत्या करते. आणि मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झालेले एक काका करतात, जे प्रत्येक घराण्यात असतातच आणि ज्यांच्या झब्ब्याच्या खिशात घडी घातलेला फुलस्केप कागद साखरपुड्यापासून तयार असतो. कवितेने वृत्त सोडलं त्याला जमाना झाला, पण मंगलाष्टकाने सोडलेलं नाही. आणि ज्या कवितेकडे एकही समीक्षक फिरकत नाही, तिचं वृत्त, यमक आणि अलंकार कुणीतरी तपासायला हवेत. जेवणाला वेळ असतो, पुढच्या रांगेत खुर्ची मिळालेली असते, हाताला काम नसतं. मी तपासतो.

वृत्त शार्दूलविक्रीडित. दुसरं नसतंच म्हटलं तरी चालेल. शार्दूलविक्रीडित म्हणजे वाघाचं खेळणं. हे नवरदेवाला अंतरपाटामागे उभं करून ऐकवतात, यातला औचित्यविचार पूर्वजांनी काय केला असेल ते असो. एका चरणात अक्षरं १९, गण म स ज स त त आणि शेवटी एक गुरू, यती बाराव्या अक्षरावर. शाळेत हे सगळं 'वृत्त ओळखा' या प्रश्नाखाली यायचं. लघूला चंद्रकोर, गुरूला आडवी रेघ. बहुतेक मुलं चंद्रकोरी आणि रेघा देवावर भरवसा ठेवून टाकत आणि खाली 'भुजंगप्रयात' लिहून मोकळी होत, कारण तेवढं एकच नाव पाठ असायचं.

तीच मुलं आता पन्नाशीला आली आहेत, पोटं सुटली आहेत, हातात अक्षता घेऊन उभी आहेत. त्यांची परीक्षा आता पाहा. गाणारी मावशी बाराव्या अक्षरावर श्वास घेते, तशी तीनशे माणसं मूठ सैल करतात. तेरा, चौदा, पंधरा अशी उरलेली सात अक्षरं उतरू लागली की कोपर वर जातं. चौथ्या चरणाचं एकोणिसावं अक्षर लांबलं की अक्षता सुटल्या. सूचना नाही, इशारा नाही, भटजींनी मान हलवावी लागत नाही. शब्द कुणाला ऐकू आलेले नसतात, कारण माईक 'हॅलो हॅलो'च्या पुढे कधी गेलेला नसतो. माणसं अर्थावर अक्षता टाकत नाहीत, गणावर टाकतात. दहावीला ज्याला म गण आणि न गण यांतला फरक कळला नाही, त्याच्या मनगटाला तो कळतो.

मंगलाष्टक मुक्तछंदात का असू नये, असं एक तरुण कवी मला विचारत होते. असायला हरकत काहीच नाही. फक्त ते संपलं कधी, हे कुणालाच कळणार नाही. मुक्तछंदाची कविता संपल्यावर श्रोते दोन क्षण थांबतात आणि कवीने कागद खाली ठेवला की टाळ्या वाजवतात. मुहूर्ताला असले दोन क्षण चालत नाहीत.

गण लक्षात ठेवायला शाळेत शब्द दिलेले असत: यमाचा, मानावा, ताराप, राधिका, जनास, भास्कर, नमन, समरा. प्रत्येक शब्द स्वतःच त्या गणाचा नमुना. त्यामुळे शार्दूलविक्रीडिताचे गण या शब्दांत ओळीने मांडले, म्हणजे मानावा, समरा, जनास, समरा, ताराप, ताराप, गा, तर खुद्द शार्दूलविक्रीडिताची ओळच तयार होते. चालीत म्हणून बघा. माझी खात्री आहे, भर मांडवात कुणी ही ओळ चार वेळा म्हटली आणि शेवटचा 'गा' लांबवला, तर अक्षता पडतील, आणि 'छान होती हो मंगलाष्टकं, कुणी केली?' अशी चौकशीही होईल.

खरी कसरत नावांची असते. मंगलाष्टक ही कविता दिसत असली तरी ती मुळात यादी आहे, आणि यादीतून नाव गळलं तर पुढची दहा वर्षं श्रावणात सवाष्ण म्हणून बोलावणं येत नाही. आता वृत्ताला नात्यागोत्याशी देणंघेणं नाही. त्याला लघु-गुरूंशी कर्तव्य. त्यामुळे कुणाला कुठे बसवायचं हे वडीलकीवर न ठरता गणावर ठरतं. सुरेश, रमेश, दिनेश, गणेश हे सगळे ज गणाचे, लघु-गुरू-लघु. त्यांची सोय सातव्या ते नवव्या अक्षरावर आयती आहे. सरिता, कविता, कमला, अनघा या स गणाच्या; त्या चौथ्या अक्षरावर बसतात, तिथे जागा गेली तर दहाव्यावर. श्रीकांत, आनंद, गोविंद हे त गणवाले. त्यांना यतीनंतर एकापुढे एक अशा दोन खुर्च्या राखीव. मंगला, मालती, राधिका ओळीच्या शेवटी शोभतात. शरद, सुमन, कुसुम, विमल यांचे तिन्ही लघू. सबंध चरणात सलग तीन लघू एकाच ठिकाणी येतात, नवव्या ते अकराव्या अक्षरावर. म्हणजे एका चरणात शरदकाका किंवा सुमनकाकू. दोघांना एकत्र बसवता येत नाही. ते नवरा-बायको असले तरी नाही.

दत्तात्रेय हे नाव तीन गुरू आणि एक लघू. ते ओळीच्या तोंडाशीच बसतं. आणखी एका ठिकाणी बसल्यासारखं वाटतं, पण तिथे मधोमध यती येते. मग गाणारी 'दत्' म्हणून श्वास घेते आणि दम भरला की 'तात्रेय' म्हणते. आजोबांचं नाव असं मध्ये मोडलेलं आजीला आवडत नाही.

मात्र सगळ्यांत मोठा अन्याय मधुसूदनांवर आणि पुरुषोत्तमांवर झालेला आहे. लघू, लघू, गुरू, लघू, लघू. ही पाच अक्षरं या क्रमाने शार्दूलविक्रीडितात कुठेही येत नाहीत. ओळ पुढून तपासा, मागून तपासा, नाही म्हणजे नाही. आणि नेमके मधुसूदनकाकाच कार्यालयाचं भाडं भरणारे निघतात. उपाय एकच उरतो, संबोधन. 'मधुसूदना' केलं की शेवटचं अक्षर गुरू होतं आणि नाव चौथ्या अक्षरापासून आठव्यापर्यंत चपखल बसतं. फक्त अशी हाक ऐकली की पहिल्या रांगेतल्या आज्या हात जोडतात. ज्या काकांनी दीड लाखाचा चेक दिला, त्यांच्या वाट्याचा नमस्कार परस्पर द्वारकेला जातो.

हल्लीच्या नावांचं म्हणाल तर ती वृत्ताच्या दृष्टीने अगदी गुणी आहेत. रेयांश त गण, विहान ज गण, कायरा र गण. अर्थ काय विचारू नका. लघु-गुरू चोख आहेत आणि वृत्ताला तेवढं पुरतं.

पत्रिकेवरची उपाधी मात्र कवितेत आणू नये. 'चि. सौ. कां.' ही तीन अक्षरं मोजली तर लघू, गुरू, गुरू: य गण. आणि य गणाचा शब्द 'यमाचा'. शुभ प्रसंगी हे कुणाच्या लक्षात येत नाही ते बरंच. शार्दूलविक्रीडितात यती न मोडता ती बसते पंधराव्या अक्षरावर, आणि मग मुलीच्या नावाला अवघी दोन अक्षरं शिल्लक राहतात, एक लघू आणि एक गुरू. मुलगी उमा किंवा रमा असेल तरच तिला ही उपाधी परवडते. काही मानी कवी 'सौभाग्यकांक्षिणी' असं पूर्ण लिहून पाहतात. यतीनंतर ते चार अक्षरं डौलात चालतं, पाचव्याला ठेचकाळतं. पण गाणारी मावशी 'क्षि' एवढा लांबवते की लघूचा गुरू होतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. मंगलाष्टकाची चाल हे मराठी छंदशास्त्रातलं सगळ्यांत मोठं अभयारण्य आहे.

आता एक नमुना घेऊ. घरगुती मंगलाष्टकांत जे जे असतं ते एका जागी यावं म्हणून मीच केला आहे, तेव्हा कुठल्या मावशीने अंगावर ओढून घेऊ नये.

मामांची अनघा दिनेश वरुनी आली सभामंडपी,
आत्याही झिजली, उमेश दमला, सारे घरी ते खपी.

गण पाडून पाहा; दोन्ही चरण निर्दोष आहेत. एवढंच त्यांच्याबद्दल चांगलं बोलता येतं. परीक्षेत रसग्रहण लिहायचं झालं तर तीन मुद्दे हवेत: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये. पेपर सोडवणारा मुलगा हुशार असेल तर लिहील:

"प्रस्तुत पद्यपंक्तींत कवीने अनघा आणि दिनेश यांच्या विवाहाचे हृद्य चित्र रेखाटले आहे. अनघा ही मामांची असल्याचे कवी आवर्जून सांगतो, यावरून तिच्यावर वडिलांपेक्षा मामांचा अधिकार असल्याचे ध्वनित होते. आत्या झिजली असून उमेश दमला आहे. यातून विवाहसंस्थेमागील कष्टांवर कवी प्रकाश टाकतो. 'झिजली' या शब्दात चंदनाचे रूपक सुप्त आहे. 'सारे घरी ते खपी' या चरणार्धातील 'ते' हा शब्द कोणाला उद्देशून आहे हे गूढ ठेवून कवीने रसिकांच्या कल्पनाशक्तीला आवाहन केले आहे. शांतरसाचा हा उत्कृष्ट नमुना होय."

चारपैकी साडेतीन. अर्धा गुण शुद्धलेखनाचा गेला असेल.

वस्तुस्थिती इतकी उदात्त नाही. अनघा 'मामांची' आहे कारण पहिली तीन अक्षरं गुरू हवीत आणि 'बाबांची' म्हटलं असतं तर मामांनी आहेर आखडता घेतला असता. 'वरुनी' आहे कारण 'वरून' म्हटलं तर ती माडीवरून आल्यासारखी वाटली असती, शिवाय शेवटी गुरू हवा. उमेश कोण, हे मलाही माहीत नाही. तो ज गणाचा आहे आणि जागा रिकामी होती. त्या 'ते'चं गूढ म्हणाल तर एक गुरू कमी पडत होता. पूर्वीच्या पद्यांत तो, ते, हा, ही, बा, की, पै यांनी अशी किती भोकं बुजवली आहेत याची गणती नाही. शाळेत त्यांनाच आपण प्रासादिक शैली म्हणून पाठ केलं.

आणि 'खपी'. हे क्रियापद कुठल्याही व्याकरणात सापडणार नाही. ते 'मंडपी'मुळे जन्माला आलं. पहिल्या ओळीत 'मंडपी' लिहिताना कवी खुशीत असतो, दुसऱ्या ओळीच्या शेवटी त्याला घाम फुटतो. टपी, जपी, तपी, झपी, खपी. यांतलं एकही धड नाही, म्हणून त्यातल्या त्यात सोज्वळ ते घ्यायचं. वामनपंडितांना यमकाच्या सोसापायी 'यमक्या वामन' म्हणत. पण त्यांचं यमक ऐटीचं होतं. हे गरजेचं.

यमकाची खरी मौज उखाण्यात. तिथे वृत्त नाही, अक्षरांचं बंधन नाही, पहिल्या अर्ध्याचा दुसऱ्या अर्ध्याशी अर्थाचा संबंध असावा अशी अटही नाही. चांदीची भांडी, फळांच्या फोडी, अंगणातली फुलझाडं, महादेवाची पिंड यांची सरबराई करत करत शेवटी नवऱ्याच्या नावाशी यमक जुळवायचं. पूर्वी हे सोपं होतं. सगळ्या नवऱ्यांना 'राव' लागायचं, आणि 'राव'ला गाव, नाव, भाव, डाव असा मोठा गोतावळा होता. विष्णुपंतांच्या बायकोला 'पंत'पाशी संत, खंत, वसंत, अनंत असे चौघे तरी भेटत. आता राव गेले, पंत गेले. 'अद्वैत'शी यमक जुळवायला बसलेल्या नव्या सुनेकडे पाहवत नाही. 'द्वैत' म्हणावं तर पहिल्याच दिवशी अपशकून. मग ती 'शेत' म्हणते, 'वेत' म्हणते, आणि सासूबाई उदारपणे 'वा' म्हणतात.

अलंकारांचं शिक्षण आपल्याकडे खुणेच्या शब्दांवर चालतं. सारखा, जसा, परी, समान दिसलं की उपमा. जणू, गमे, वाटे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा. स्पर्धा परीक्षेला बसणारी मुलं याच भरवशावर तरून जातात. कवितेशी नजरानजर होऊ न देता तिचा अलंकार सांगता येतो. मंगलाष्टकात एवढीही मेहनत नाही. वधू लक्ष्मी, वर नारायण. खुणेचा शब्द गाळला म्हणून रूपक म्हणायचं, पण खरा अलंकार अतिशयोक्ती. मुलगा 'विद्याविभूषित' असतो. त्याने तीन वेळा दिलेला गणिताचा पेपर सहा अक्षरी समासात नाहीसा होतो. मुलगी 'गृहकृत्यदक्ष' असते. तिची आई त्या वेळी जमिनीकडे पाहते.

व्यतिरेक अलंकार, म्हणजे उपमेय हे उपमानापेक्षा सरस दाखवणं, तो मात्र मांडवात वापरू नये. एका आत्याबाईंनी भाचीला रतीहून सुंदर ठरवण्याच्या भरात 'आजवर या घराण्यात अशी मुलगी आली नाही' अशा अर्थाची ओळ घातली. घराण्यात आधी आलेल्या तीन सुना दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. अनन्वय बरा. 'अनघासारखी अनघाच.' खर्च नाही, कुणाचा अपमान नाही, आणि नवऱ्याला पुढे आयुष्यभर त्याचा हवा तसा अर्थ लावता येतो. स्वभावोक्ती, म्हणजे आहे तसं हुबेहूब वर्णन, ही मंगलाष्टकात मी कधी ऐकलेली नाही. ऐकायची इच्छाही नाही, लग्न मोडेल.

या सगळ्या खटाटोपाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे हे विसरू नये. बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९ ते १७९४) रामायणं एकशे आठ रचली असं सांगतात, आणि प्रत्येकात काहीतरी नवी खोड काढून ठेवलेली. त्यातलं एक निरोष्ठ रामायण. ओठाला ओठ लागेल असं एकही अक्षर त्यात नाही. म्हणजे प, फ, ब, भ आणि म हद्दपार. म हद्दपार म्हणजे 'राम' हद्दपार. रामाचं नाव न घेता अख्खं रामायण सांगून मोकळा झालेला हा माणूस. त्यांच्या हाती मंगलाष्टक दिलं असतं तर नवऱ्याचं नाव न येता त्यांनी लग्न लावून दाखवलं असतं. पण निरोष्ठ मंगलाष्टकात मामा बसणार नाहीत, दोन्ही अक्षरं ओष्ठ्य, आणि मामांशिवाय मुलगी मांडवात येणार नाही. केकावलीचा कर्ता इथे हरला असता.

दुसरे माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन. पेशाने फारसीचे प्राध्यापक, ध्यास मराठी छंदांचा. 'छंदोरचना' या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना १९३८ साली डी. लिट. दिली. त्या विषयाच्या पुस्तकात मात्रावृत्तांची नावं वाचताना मला नेहमी लग्नपत्रिका हातात असल्यासारखं वाटतं: चंद्रकांत, सूर्यकांत, उद्धव, बालानंद, हरिभगिनी. एकाखाली एक लिहिली की 'आपले नम्र' आणि 'आमच्या घरच्या लग्नाला यायचं हं'ची मजकूरजुळणी तयार. हरिभगिनी ही करवली असावी.

शार्दूलविक्रीडिताची ही मक्तेदारी मोडायचा प्रयत्न एकदा झालेला मी पाहिला आहे. मुलाचे एक काका संस्कृतचे जाणकार. लग्नाला कालिदासाचा हात लागावा म्हणून त्यांनी मंगलाष्टक मेघदूताच्या मंदाक्रांतेत रचून आणलं. अक्षरं १७, आणि यती दोन: एक चौथ्या अक्षरावर, दुसरी दहाव्यावर. काका शास्त्रशुद्ध गाणारे. यतीवर यतीला शोभेल असे थांबले. पहिले चारही गुरू लांबवून ते थांबले, तशी डाव्या बाजूच्या माणसांनी अक्षता टाकल्या. काकांनी पुढची सहा अक्षरं घेतली आणि पुन्हा थांबले. उजव्या बाजूला वाटलं आपलं चुकलं, त्यांनी टाकल्या. चरण संपला तेव्हा राहिलेल्यांनी टाकल्या. दुसऱ्या चरणाला हेच, तिसऱ्याला हेच. चौथा चरण सुरू झाला तेव्हा सभागृहात अक्षतेचा दाणा नव्हता. कुणी वाटीतली साखर टाकत होतं, मुलं खुर्च्यांखाली शिरून खालचे तांदूळ वेचून पुरवत होती. मुहूर्ताला अजून चार मिनिटं होती. भटजींनी माईक हिसकावला, आपलं नद्यांच्या नावांचं जुनं शार्दूलविक्रीडित लावलं, आणि मुहूर्ताला रिकाम्या मुठी हवेत उधळल्या गेल्या.

काका मात्र पंगतीत बासुंदीच्या दुसऱ्या वाटीपर्यंत खुशीत होते. आयुष्यभर इतक्या सभांत इतक्या कविता म्हटल्या, पण यतीला दाद आजच मिळाली म्हणाले.